पोटाचा घेर आणि तेलाचा डबा : घरातलं वाढतं वजन कसं आवरावं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कर्नाटकातल्या साधारण ३० टक्के प्रौढ स्त्रिया आणि जवळपास तितकेच पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. आधीच्या फेरीत हे प्रमाण २२-२३ टक्के होतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आले. पूर्वी चालत शेताकडे जाणारा माणूस आता मोटारसायकलवरून थेट बांधावर उतरतो. जेवण मात्र नांगर धरणाऱ्याचंच राहिलं, दोन भाकऱ्या आणि वर भात. त्यात तेल, गोड चहा आणि संध्याकाळच्या मिरची भजीची भर पडली.

घरात जे मोजलं जात नाही, त्यानेच वजन वाढतं. म्हणून सुरुवात उपवासाने नको, मोजण्याने करा.

पहिलं काम : पोट मोजा

वजनकाट्याआधी शिंप्याची टेप घ्या. जुनी, ताणून सैल झालेली नको. सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी, कपडा बाजूला सारून सरळ उभे राहा. कुशीत बोट दाबून सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. या दोहोंच्या बरोबर मध्ये टेप गुंडाळा. पाठीमागे ती खाली घसरते आणि माप चुकतं ते तिथेच, म्हणून घरातल्या कुणाला तरी मागून बघायला सांगा. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका, आणि आकडा वाचा. टेप कातडीला टेकलेली हवी, रुतलेली नको.

आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेघ मानतात. अजून सोपा हिशोब हवा असेल तर पोटाचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा.

पँटच्या मापावर विसंबू नका. पोट सुटलं की पुरुष पट्टा पोटाच्या खाली बांधू लागतात. माप दहा वर्षं ३४ इंचच राहतं आणि वरचं पोट चार इंच वाढलेलं असतं. बायकांच्या बाबतीत परकराची नाडी सगळं झाकते, दरवर्षी थोडी सैल होत जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

आता वजन. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. ७२ किलो आणि १.६२ मीटर असेल तर उत्तर साधारण २७.४ येतं. हाच वजन-उंचीचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय. भारतीयांसाठी २३ ते २४.९ म्हणजे जास्त वजन, २५ आणि पुढे लठ्ठपणा. जागतिक पातळीवर लठ्ठपणा ३० पासून धरतात, पण आपल्या शरीराला तो नियम पुरत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापं प्रसिद्ध केली. दोघांचा हा निर्देशांक सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही आपल्याकडची ठेवण काटा एकट्याने दाखवू शकत नाही.

पोटाची चरबी जास्त घातक का? ती आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. तिथून सुटणारी स्निग्धाम्लं थेट यकृतात जातात, इन्सुलिनचं काम बिघडतं आणि साखर वर राहू लागते. मग रक्तदाब, रक्तातली चरबी, फॅटी लिव्हर एकामागून एक येतात. गुडघे झिजतात. रात्री मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागणं हेही त्यातलंच लक्षण आहे, 'गाढ झोप लागते' म्हणून त्याचं कौतुक करू नका. स्तनाचा (पाळी गेल्यानंतर), गर्भाशयाच्या अस्तराचा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचाही लठ्ठपणाशी संबंध सिद्ध झाला आहे.

तपासण्या

वय ३० च्या पुढे असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बीपी आणि शुगर मोफत तपासतात. कागद बहुतेक कन्नडमध्ये असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना चार शब्द सांगून ठेवा : तूक म्हणजे वजन, सोंट म्हणजे कंबर, रक्तदोत्तड म्हणजे रक्तदाब, सक्करे काइले म्हणजे मधुमेह. आकडे घरच्या वहीत मराठीत तारखेसह उतरवा, कारण सुटे कागद पुढच्या खेपेला सापडत नाहीत.

उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ असेल तर मधुमेहाचा उंबरठा, १२६ किंवा जास्त आली तर चाचणी पुन्हा करून डॉक्टर निदान करतात. तीन महिन्यांच्या सरासरीसाठी एचबीए१सी करतात. ५.७ ते ६.४ हा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. सोबत रक्तातली चरबी, यकृताची एसजीपीटी आणि थायरॉईडची टीएसएच एकदा करून घ्या.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. तुम्ही इन्सुलिन घेत असाल किंवा मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. औषध तेवढंच आणि जेवण निम्मं असं झालं की साखर अचानक घसरते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो.

तेल : इथे सगळ्यात जास्त हाती लागतं

चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल पोटात जातं. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे रोज ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. बाहेरची भजी, वडे, फरसाण यात धरलेलं नाही.

हा डबा ३ लिटरवर आणा. वाचलेल्या २ लिटरमुळे माणशी महिन्याला सुमारे ४,००० कॅलरी कमी होतात. अर्धा किलो चरबीत साधारण इतकीच ऊर्जा असते. जेवणातलं दुसरं काहीही न बदलता.

जमवायचं असं. रोज सकाळी चार माणसांसाठी १०० मिलि तेल एका छोट्या बाटलीत मोजून काढा. औषधाच्या बाटलीवरचं झाकण मापाला चालतं, त्यावर मिलिच्या खुणा असतात. भाजी, आमटी, चपातीला लावायचं, सगळं याच बाटलीतून. डब्याला हात लावायचा नाही. पहिल्या आठवड्यात दुपारीच बाटली रिकामी होईल. मग घरालाच कळतं की तेल कुठे जातंय. बहुधा चपातीच्या घडीत आणि वांग्याच्या भाजीत. तेल शेंगतेल असो, सूर्यफूल असो की पाम, कॅलरी सारख्याच.

फोडणीचा प्रश्न येतोच. रुंद कढईत दोन चमचे तेल पसरून जातं, मोहरी कोरडीच करपते, आणि हात आपोआप पुन्हा तेलाकडे जातो. त्याऐवजी फोडणीची लहान पळी वापरा. पळी थोडी तिरकी धरली की दोन चमचे तेल एका कोपऱ्यात साचतं, मोहरी त्यात बुडते आणि नीट तडतडते. कांदा परतताना तो भांड्याला चिकटू लागला तर तेल नको, चिमूट मीठ आणि एक डाव गरम पाणी घालून झाकण ठेवा. मटणाचा रस्सा अर्धा तास स्थिर ठेवला की तर्री वर येते. ती डावाने काढून घ्या आणि चवीपुरती दोन चमचे परत घाला. दोन वर्षांखालच्या मुलाच्या जेवणातलं तेल-तूप मात्र कमी करू नका.

ताट

जोंधळ्याची भाकरी चांगलीच आहे, तव्यावर तेलाशिवाय होते. चूक होते ती भाकरीनंतर 'भाताशिवाय जेवण झालं असं वाटत नाही' म्हणून वर दोन वाट्या भात घेण्याची. शिजलेल्या भाताच्या एका मोठ्या वाटीत (१५० ग्रॅम) जवळपास २०० कॅलरी असतात, मध्यम भाकरीतही साधारण तितक्याच. एका जेवणाला एक भाकरी आणि अर्धी वाटी भात ठेवा. ताटाचा निम्मा भाग भाजी आणि कोशिंबीर, पाव भाग उसळ, डाळ, अंडी, मासे किंवा चिकन.

प्रथिनं कमी पडली तर वजन उतरतं, पण त्यात स्नायूही जातात. ६० किलोच्या माणसाला दिवसाला निदान ५०-६० ग्रॅम हवीत. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती घ्यायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.) एका अंड्यात ६ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ७ ग्रॅम. अख्खा मसूर आपल्याकडे आवडीने खातात, तो दुप्पट वाढा आणि भाकरी एकने कमी करा. सकाळी नुसतं उप्पीट खाल्लं तर अकरा वाजता परत भूक लागते, सोबत एक अंडं किंवा मोडाची मटकी घेतली तर लागत नाही. शेंगदाण्याच्या चटणीत प्रथिनं आहेत पण तेलही भरपूर, एक चमचा पुरे.

आग्रहाचं काय करायचं? आपल्याकडे वाढणाऱ्याला 'नको' हे उत्तर वाटतच नाही. ताटात थोडी भाजी शिल्लक ठेवा. रिकामं ताट दिसलं की वाढप्या येणारच.

चहा आणि गोड

कपाला दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. घरी दोन, शेतात किंवा ऑफिसात दोन, पाहुण्याकडे एक, असे पाच कप झाले की ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. एकदम बंद केलेला गोड चहा चार दिवसांत परत सुरू होतो. साखरेऐवजी गूळ घालून फायदा नाही, कॅलरी जवळपास तेवढ्याच. उसाचा पट्टा आहे, रसवंती जागोजागी आहे, पण रसाच्या एका ग्लासात ३० ग्रॅमपेक्षा जास्त साखर असते. कुंदा म्हणजे आटवलेलं दूध आणि साखर. गोकाकचा करदंट डिंक आणि सुक्या मेव्यामुळे पौष्टिक म्हणतात, तो आहेच, पण अंगमेहनत करणाऱ्यासाठी किंवा बाळंतिणीसाठी. दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभर बसणाऱ्याने सणालाच खावा, एक तुकडा.

चालणं, आणि पावसाळा

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात किंवा किल्ला तलावाभोवती पहाटे चालणारे भरपूर दिसतात. जूनमध्ये पाऊस लागला की मोडतं ते तिथेच. बेळगाव-खानापूरचा पाऊस उघडायची वाट बघण्यात चार महिने जातात, आणि दिवाळीला वजन पूर्वीच्या जागी आलेलं असतं. म्हणून मे महिन्यातच घरातला व्यायाम ठरवून ठेवा. पक्क्या खुर्चीवर हात न टेकता बसणं-उठणं दहा वेळा, भिंतीला हात लावून जोर दहा, जिन्याच्या पाच फेऱ्या, असे तीन फेर. वीस मिनिटं लागतात. गुडघे दुखत असतील तर खुर्ची उंच घ्या. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

वजन थांबलं तर

सहा महिन्यांत ५ ते १० टक्के उतरणं पुष्कळ झालं. ७२ किलोच्या माणसाला साडेतीन ते सात किलो. एवढ्यानेही साखर आणि रक्तदाब खाली येऊ लागतात. वजन आठवड्याला दीड किलोच्या वर घसरत राहिलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. दोन-तीन महिन्यांनी काटा हलेनासा होतो. शरीर हलकं झालं की त्याला ऊर्जाही कमी लागते. अशा वेळी जेवण आणखी कापू नका, आधी तेलाची बाटली पुन्हा मोजा. मोजमाप सैल झालेलं असतं ते बहुधा तिथेच. काटा थांबला तरी टेप लावून बघा, घेर कमी होत असेल तर काम चालू आहे.

झटपट वजन उतरवणाऱ्या बिनलेबलाच्या पुड्या घेऊ नका. सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही इंजेक्शनं आता भारतात मिळतात आणि त्यांचा परिणाम खरा आहे, पण ती फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची. बंद केल्यावर वजन बहुतेकांचं परत वाढतं. निर्देशांक ३५ च्या वर असेल, किंवा ३० च्या वर असून मधुमेह आटोक्यात येत नसेल, तर शस्त्रक्रियेबद्दल तज्ज्ञांशी जरूर बोला. पहिल्या भेटीला घरची वही सोबत न्या, त्यात तारखेवार घेर, वजन आणि महिन्याचं तेल लिहिलेलं असलं की डॉक्टरांना पुढचं ठरवणं सोपं जातं.