थरचं वाळवंट सुरांत आणायचं तर कोणती वाद्यं घ्यावीत?

वाळवंट म्हटलं की बहुतेकांची बोटं आपोआप कोमल रिषभ आणि शुद्ध गंधाराकडे वळतात. बसंत मुखारी रागाच्या अंगाची ही सुरावट हिजाज या अरबी मकामाच्या (तिकडच्या रागासारख्या स्वररचनेच्या) जवळची आहे. तिच्यावर कितीही राजस्थानी वाद्यं चढवा, ऐकणाऱ्याला कैरोच दिसणार. थर हवं असेल तर मांड हा राजस्थानी राग घ्या: मुख्यतः शुद्ध स्वर आणि वक्र चाल. सोरठ किंवा देसही चालेल. वाद्यांचा विचार त्यानंतर.

त्याआधी एक ठरवा. वाळवंट दाखवायचंय की तिथली माणसं? जैसलमेर-बाडमेरकडचे मांगणियार आणि लंगा हे परंपरेने गाणारे समाज यजमानांच्या घरी लग्नाला, मूल जन्मल्यावर गातात. ते गाणं भरगच्च, उसळतं असतं. खडताल (हातात वाजवायच्या लाकडी पट्ट्या), ढोलक आणि चार गळे एकदम लावलेत तर मैफल उभी राहील, ओसाड रान नाही. ओसाडपण हवं असेल तर एका वेळी तीनच आवाज ठेवा: एक गाणारं वाद्य, एक धरलेला सूर, एक ठोका.

गाणारं वाद्य म्हणून पहिली पसंती कमायचाला, म्हणजे मांगणियारांच्या गजाने वाजवायच्या वाद्याला. आंब्याच्या लाकडाचा गोल भोपळा, त्यावर बकऱ्याचं कातडं, मुख्य तारा तातीच्या (आतड्याच्या दोरीच्या) आणि खाली तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा. तातीवर गज टेकला की आधी ‘खर्र’ असा घासल्याचा आवाज येतो आणि मग सूर उमटतो. संपादन करताना ही खरखर साफ करू नका, सगळी वाळू तिच्यातच आहे. हमीरा गावचे साकर खाँ (पद्मश्री २०१२) यांचं वादन नीट ऐका, म्हणजे गजाचं वजन कळेल. लंगांची सिंधी सारंगी जास्त उजळ आणि चपळ. गळ्यामागून जाणाऱ्या ओळींना ती बरी. भोपे म्हणजे लोकदेवांच्या कथा गाणारे पुजारी; त्यांच्या रावणहत्था या तंतुवाद्याच्या गजाला घुंगरू असतात, त्यामुळे तो एकटाच सूर आणि ताल दोन्ही सांभाळतो. एकट्या वाटसरूचा प्रसंग असेल तर तोच घ्या.

कमायचा मिळालाच नाही तर शास्त्रीय सारंगीपेक्षा चेलो जवळचा पडतो, पण कंप न देता आणि गज हलका ठेवून. सॅम्पलवर (कीबोर्डवरून वाजणाऱ्या मुद्रित आवाजांवर) काम करत असाल तर पिच व्हीलची, म्हणजे सूर सरकवणाऱ्या चाकाची, कक्षा दोन अर्धस्वरांवर ठेवा आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) हाताने काढा. कीबोर्डवर सुटे सुटे स्वर दाबले की लगेच हार्मोनियमचा वास येतो.

धरलेल्या सुरासाठी तंबोरा टाळा. तो सरळ ख्यालाच्या बैठकीत नेऊन बसवतो. सतारा किंवा अलगोजा ही जोडबासरी घ्या. तिच्यातली एक नळी सूर धरते, दुसरी धून वाजवते आणि वादक गालात हवा साठवून श्वास तुटू देत नाही.

दातांत धरून जीभ छेडायचा मोरचंगही चालतो, पण त्याचा मूळ सूर लोखंडी जिभेवर ठरलेला असतो. तोंडाच्या पोकळीने बदलतात ते वरचे उपस्वर. गाणं काळी दोनमध्ये आणि मोरचंग तिच्या लगेच वरच्या पांढरी तीनचा असेल तर अर्ध्या सुराची कुरबुर शेवटपर्यंत चालू राहते. अशा वेळी मोरचंगाच्या जिभेच्या टोकाला मेणाचा बारीक ठिपका लावला की सूर उतरतो. ठिपका थोडाथोडा वाढवत मिळवा. उलटं मात्र जमत नाही: मोरचंग आधीच खाली असेल तर दुसरा आणा.

ठोक्याला खडताल. शिसवीच्या चार साध्या पट्ट्या, दोन्ही हातांत दोन-दोन, झांजा नाहीत. आपल्याकडे ‘जवळपास तेच’ म्हणून चिपळ्या आणल्या जातात आणि त्यांच्या झांजा वाजल्या की डोळ्यांपुढे थेट दिंडी येते. शिसवीच्या दोन चपट्या पट्ट्या त्यापेक्षा बऱ्या. लय ६० ते ६६ बीपीएम (मिनिटाला तेवढे ठोके), केरवा तालाच्या आठ मात्रांत फक्त पहिली आणि पाचवी वाजवा. खडतालाची तडतड कडव्याच्या शेवटी एकदाच.

ध्वनिमुद्रणात कमायचाचा माइक कातड्यापासून ३०-४० सेंटिमीटरवर ठेवा, खडतालाचा निदान एक मीटर दूर आणि तिरका. खडतालाची शिखरं उणे १० डेसिबलच्या खाली ठेवा, नाहीतर पहिल्याच तडाख्यात आवाज फाटतो. मोरचंगला माइक जवळ लागतो, पण फुंकर थेट त्यावर येऊ देऊ नका.

मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने कातडं ढिलं पडतं, ताती सूर सोडतात आणि कमायचा बद्द वाजतो. वाद्य तासभर आधी स्टुडिओत उघडं ठेवा, एसी आधीच चालू करा आणि मगच सूर लावा. तरीही दर दोन-तीन टेकनंतर षड्ज तपासावाच लागतो.

मिक्समध्ये सगळ्यांत मोठी चूक म्हणजे लांबलचक रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा रेंगाळणारा घुमारा. वाळवंटात भिंती नसतात, मग प्रतिध्वनी येणार कुठून? चार सेकंदांचा हॉलसारखा घुमारा लावलात की गुहा तयार होते. एका सेकंदाच्या आतला, अगदी हलका रिव्हर्ब पुरे. अंतर दाखवायला आवाज कमी करा आणि ६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग हळूहळू उतरवा, कारण लांबून येताना तीक्ष्ण आवाज आधी विरतात. वाऱ्याचा थर घालणार असाल तर त्यातला ८० हर्ट्झखालचा भाग काढून टाका, नाहीतर ढोलक घेतला असेल तर ती घरघर त्याच्या धुमीवर बसते.