काचेतून घरी आलेलं बाळ: नाशिकच्या थंडीत पहिले दोन महिने

कमी दिवसांचं बाळ दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून घरी आलं की घरातले आधी शेगडी शोधतात. निफाडकडे पारा एक आकडी होतो, त्यामुळे भीती खोटी नाही, पण बंद खोलीतला कोळशाचा धूर नाजूक फुप्फुसांना थंडीहून जास्त छळतो. धुरी नको, हीटरही बाळाच्या अंगावर नको. सगळ्यात भरवशाची ऊब माणसाच्या छातीची.

बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे घाला. छातीवर उभं धरा, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि किंचित वर. हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो. मऊ सुती लुगड्याने घट्ट बांधा आणि पाठीशी उशा घेऊन अर्धवट टेकून बसा. एका वेळी निदान तासभर, दिवसभरात मिळून आठ तास किंवा जास्त. आई दमली की बाबा, आजी, मावशी कुणीही घ्यावं. बाळ अडीच किलोच्या आसपास गेलं की स्वतःच चुळबुळ करून सुटू पाहतं, तेव्हा थांबवा. थंडी वाजतेय का हे पोट आणि तळवे चाचपून कळतं: पोट गरम पण तळवे गार तर लगेच छातीशी घ्या, दोन्ही गार तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा.

दुधाचं गणित इथे वेगळं. ‘रडलं की पाजू’ हे पूर्ण दिवसांच्या बाळाला चालतं. हे बाळ भुकेनेही झोपून राहतं. दर दोन तासांनी, रात्रीही गजर लावून पाजा. ओढताना दमलं तर आईचं काढलेलं दूध बोंडल्याने द्या: ओठाच्या कडेला थोडं, गिळलं की पुढचं. घाईत ओतलं की ठसका लागतो. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चोवीस. कोमट पाण्यात वाटी ठेवून गरम करा. मध, घुटी, वरचं पाणी काही नको. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर, कपडे काढून. रोजची सरासरी 20 ते 30 ग्रॅम वाढ हवी.

सगळ्यात जास्त चुकते ती डोळ्यांची तपासणी. गरोदरपणाच्या 34 आठवड्यांआधी किंवा दोन किलोखाली जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांमागचा पडदा जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासायला हवा, फार लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बाहेरून डोळे अगदी छान दिसतात, म्हणूनच लोक पुढे ढकलतात. आणि एकदा दाखवून भागत नाही, पडदा पूर्ण वाढला असं डॉक्टर सांगेपर्यंत जावं लागतं. सुरगाणा-पेठसारख्या लांबच्या तालुक्यांतून येणाऱ्यांनी वजनाची आणि डोळ्यांची तारीख एकाच दिवशी मागून घ्यावी. कानांची तपासणीही डिस्चार्ज कार्डावर झाली आहे का बघा.

लस जन्मतारखेप्रमाणेच. वाढ मात्र सुधारित वयाने मोजा: 32 व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आठ आठवडे आधी आलंय, म्हणजे पाच महिन्यांचं झालं तरी मान-हातपायांना तीनचंच समजा. शेजारणीच्या बाळाशी तुलना सुरू झाली की आईला हे कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं.

दूध सोडणं, मिनिटाला साठहून जास्त श्वास, बरगड्या आत ओढणं, ओठ निळे, तळहात-तळपाय पिवळे, झटका यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.