किडनीचा पेशंट जेवत नाही? घरच्यांनो, या चुका टाळा

सासऱ्यांचं डायलिसिस सुरू झालं, तेव्हा आमच्याकडे रोज एकच रडगाणं. "बाबा, दोन घास तरी खा." "नको गं, तोंडात लोखंड धरल्यासारखं वाटतं." आम्ही त्याला हट्ट म्हणायचो. पहिली चूक तीच.

भूक लागते पोटात, पण ठरते मेंदूत. शरीरातली चरबी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडून मेंदूला 'आता पुरे' असं कळवते. काम झालं की ते रक्तातून काढायचं, हे मुख्यतः किडनीचं काम. किडनी थकली की लेप्टिन साचतं आणि माणूस उपाशी असला तरी 'पुरे'चा निरोप चालूच राहतो. जीडीएफ-१५ नावाचं प्रथिनही वाढतं. ते मेंदूच्या तळाशी, उलटीच्या केंद्राजवळ जाऊन भिडतं, म्हणून अन्न समोर आलं की मळमळतं. त्यात लाळेतल्या युरियाचा अमोनिया होतो. लोखंडाची चव ती हीच.

मग रागावून काय होणार? जेवणाआधी चूळ भरायला द्या. फोडणीचा वास जाऊ द्या, कोमट वाढा, थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. भूक अचानक मेली तर डॉक्टरांना सांगा, डायलिसिस कमी पडत असेल.

डायलिसिसच्या आधीचं 'प्रोटीन कमी' हे पथ्य पुढेही चालू ठेवणं ही दुसरी चूक. डायलिसिसवर उलट वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम लागतं. एका अंड्यात सहाच ग्रॅम असतं, म्हणजे हिशोब करा. आणि अशक्तपणा म्हणून शहाळं नको, त्यातलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. लो-सोडियम मिठाचंही तेच.

सगळ्यात फसवा असतो तो वजनकाटा. बाबा जेवत नव्हते, तरी वजन ५८ चं ५८. आम्ही खूश! पण घड्याळ मनगटावरून कोपराकडे सरकायचं आणि पावलावर बोट दाबलं की खळगा राहायचा. मांस गेलं होतं, त्या जागी पाणी भरलं होतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टेक्निशियन जुन्याच 'ड्राय वेट'वर, म्हणजे जादा पाणी काढल्यावर उरायला हवं त्या वजनावर, पाणी काढत होता, त्यामुळे रात्री आडवं झालं की बाबांना धाप लागायची. घड्याळाची गोष्ट डॉक्टरांना सांगितली, तेव्हा त्यांनी ड्राय वेट हळूहळू ५५ वर आणलं. बाबा उशीशिवाय झोपले, ते त्यानंतरच.