इमोजीन पासला निघण्याआधी

इमोजीन पास म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधली कच्च्या रस्त्याची उंच खिंड. पाणी, खाणं, जाड जॅकेट, टाकी फुल. हे सांगावं लागत असेल तर जाऊच नका. मला बोलायचंय लॉक नटच्या चावीबद्दल. चोरी होऊ नये म्हणून प्रत्येक चाकाचा एक नट वेगळ्या नक्षीचा असतो आणि तो बोटभर लांबीच्या चावीशिवाय सुटत नाही. ती गाडीत आहे? आधी उठून बघून या.

गेल्या वेळी युरे गावाहून ही खिंड चढून पलीकडच्या टेल्युराइड गावाकडे उतरताना, टॉमबॉय खाणीच्या पडक्या घरांपाशी मागचं चाक बसलं. जॅक होता, स्टेपनीत हवा होती, चार नट सुटलेही. पाचवा जागचा हलेना. चावी घरी, गॅरेजच्या खणात! फोनला रेंज नाही. तीन तासांनी एक जीपवाले आजोबा आले. त्यांनी जुना सॉकेट हातोडीने त्या नटावर ठोकून बसवला आणि नट काढला. सॉकेट गेला तो गेलाच, पैसेही घेईनात. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

जॅकखाली ठेवायला जाड फळी घ्या, खडीत जॅक रुततो. कच्चा रस्ता लागला की टायर वीसेक पीएसआयवर आणा. पकड वाढते, मणकेही वाचतात. परत हवा भरायला कॉम्प्रेसर हवाच. आणि चावी.

खिंड १३,११४ फुटांवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्क्यांवर येतो, त्यामुळे टर्बो नसलेलं इंजिन धापा टाकतं. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सावकाश गिअर) चढ लागायच्या आधीच टाका, मध्येच अडकल्यावर नाही. उतरतानाही फोर-लो आणि पहिला गिअर. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर आधी जळका वास येईल, मग ब्रेकच लागणार नाहीत. वाट चढणाऱ्या गाडीची. म्हणजे उतरताना अरुंद कड्यावर रिव्हर्स तुम्हालाच घ्यावा लागू शकतो, मागे रुंद जागा कुठे होती ते लक्षात ठेवत चला.

जुलैआधी बर्फ. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा, बाराच्या आत माथा सोडा. माथ्याजवळ फोर्ट पीबडी आहे, हाकललेल्या युनियनवाल्या खाणकामगारांना टेल्युराइडला परतू न देण्यासाठी १९०४ मध्ये नॅशनल गार्डने बांधलेली चौकी. बघा, दगड हलवू नका. टॉमबॉयला फळ्यांवरून गाडी नेऊ नका, खिळे असतात.

कागदी नकाशा, टॉर्च, प्रथमोपचार. चावी ग्लव्ह बॉक्समध्ये नको, तिथे हरवते. पान्यालाच तारेने बांधून टाका.