महापालिकेचा संगणक प्रकल्प: निविदेआधी निर्णयाधिकार ठरवा

मालमत्ता कराची ऑनलाइन प्रणाली करायची ठरली की बहुतेक ठिकाणी पहिली घाई होते ती निविदेची. त्याआधी या प्रकल्पात कोणता निर्णय कोण घेणार, हे एका पानावर लिहून त्यावर आयुक्तांची मंजुरी घ्यावी. प्रकल्पाची मालकी संगणक विभागाकडे न देता करनिर्धारण व संकलन विभागाच्या प्रमुखाकडे द्यावी, कारण आकारणी चुकली, थकबाकी जुळली नाही किंवा हस्तांतरणाची नोंद अडकली, तर नागरिकांना उत्तर त्यालाच द्यावे लागते.

अमेरिकी सरकारचे आरोग्य विम्याचे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू होताच कोलमडले. तिथल्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१६ मध्ये जो अहवाल दिला, त्यात स्पष्ट नेतृत्वाच्या अभावावर ठळकपणे बोट ठेवले आहे. पैसा होता, कंत्राटदारही भरपूर होते. त्या सर्वांच्या कामाची सांगड घालण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे मात्र स्पष्ट नव्हते.

प्रकल्पाला दिशा देणारी सुकाणू समिती लहान असावी आणि तिने दरमहा भेटावे. बैठकीत कंत्राटदाराचे सादरीकरण पाहण्यात वेळ घालवण्यापेक्षा कोणते काम कोणाच्या निर्णयावाचून अडले आहे, हे आधी विचारावे. इतिवृत्तात निर्णयासोबत त्याची कारणेही नोंदवावीत. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतच राहतात, आणि कारणे नोंदलेली नसतील तर नव्याने येणारा अधिकारी तोच विषय पुन्हा पहिल्यापासून उघडतो.

सर्वाधिक लक्ष द्यावे ते स्वीकृती चाचणीकडे, म्हणजे प्रणाली ताब्यात घेण्याआधीच्या तपासणीकडे, कारण माझ्या मते प्रकल्पावरचे खरे नियंत्रण तिथेच असते. ही चाचणी कंत्राटदाराने बनवलेल्या नमुना नोंदींवर न घेता प्रभाग कार्यालयातील लिपिकांनी जुन्या, किचकट प्रकरणांवर घ्यावी: वारसांच्या नावे असलेले सामाईक घर, अर्धे निवासी आणि अर्धे भाड्याने दिलेले दुकान, न्यायालयाच्या स्थगितीत अडकलेली थकबाकी. या लिपिकांना त्या काळात रोजच्या कामातून लेखी आदेशाने मोकळे करावे, नाहीतर संध्याकाळी उरलेल्या वेळात सह्या होतात आणि दोष नागरिकांच्या देयकांत उतरतात. कंत्राटदाराचे देयक प्रणाली ‘बसवली’ म्हणून नव्हे, तर ही चाचणी उत्तीर्ण झाली म्हणून मंजूर व्हावे, आणि चाचणीवर सही करणारा व देयक काढणारा अधिकारी एकच नसावा.

काम सुरू झाल्यावर सुचवलेला प्रत्येक बदल नोंदवहीत यावा आणि त्याचा खर्च व लागणारा वेळ पाहूनच समितीने त्याला मान्यता द्यावी. तोंडी सूचनेवर काम करू नये, मग ती सूचना कितीही वरून आलेली असो.

सायबर सुरक्षेची जबाबदारीही नावानिशी द्यावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि प्रणालीचे लॉग, म्हणजे तिच्यातील घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. सुट्टीच्या रात्री हे कोण कळवणार, ते आधीच ठरलेले हवे.

करार संपतानाच्या अटी पहिल्याच दिवशी लिहाव्यात. सोर्स कोड (प्रणालीचा मूळ प्रोग्राम), संपूर्ण डेटा आणि त्याची रचना समजावणारे दस्तऐवज महापालिकेच्या ताब्यात यावेत, आणि त्यांच्या आधारे दुसऱ्या चमूने प्रणाली वेगळ्या सर्व्हरवर चालवून दाखवेपर्यंत शेवटचा हप्ता रोखून ठेवावा.