मोठा वाय आख्खी ओळ का उचलतो? व्हिम वापरणाऱ्या पोरांसाठी

उद्यमनगरात आमच्या शॉपवर सीएनसीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे, प्रोग्राम मी व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये दुरुस्त करतो. नवीन पोरगं आलं की त्याची तक्रार ठरलेली: "दादा, मोठ्या डीनं कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत पुसतंय, मोठ्या सीनं तेवढंच बदलतंय. मग मोठा वाय आख्खी ओळ का कॉपी करतोय?"

बरोबर विचारतंय. शेवटापर्यंतच कॉपी व्हावं हे जास्त तर्काला धरून आहे, असं व्हिमची स्वतःची हेल्पच कबूल करते. फक्त ते व्हीआयशी, म्हणजे व्हिम ज्याच्यावरून बनला त्या जुन्या एडिटरशी, जुळत नाही. व्हीआय बिल जॉय यांनी सत्तरच्या दशकात बर्कलेत लिहिला. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये व्हिम बाहेर काढला तेव्हा व्हीआयवर बसलेली बोटं आणि जुन्या स्क्रिप्ट मोडायच्या नाहीत म्हणून असल्या खोडी तशाच ठेवल्या.

आधी तुमच्या मशीनवर काय चालतंय ते बघा. 'जी०१ एक्स५० झेड-२० एफ०.२' अशी ओळ घ्या, कर्सर झेडवर ठेवा, मोठा वाय दाबा, मग डकवायला लहान पी. खाली पूर्ण ओळ उमटली तर जुनी रीत. झेडपासूनचा तुकडाच आला तर बहुतेक निओव्हिम, म्हणजे व्हिममधूनच निघालेला दुसरा एडिटर, आहे, त्यांनी ०.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ मध्ये, हे बदललं. शंका असेल तर कोलन देऊन व्हर्बोज एनमॅप मोठा वाय असं टाका, मॅप, म्हणजे एका कळीला दुसऱ्या कळांचं काम जोडणं, कुठून आलाय ते कळतं.

व्हिममध्येही तसंच हवं असेल तर व्हिमआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ पुरते: एननोरीमॅप, जागा, मोठा वाय, जागा, लहान वाय आणि डॉलर. नुसतं मॅप लिहू नका, त्यानं उजवीकडच्या कळा पुन्हा दुसऱ्या मॅपमधून फिरतात.

मी स्वतः मात्र हा मॅप ठेवलेला नाही. दिवसभरात मला दुसऱ्यांच्या मशीनवर बसावं लागतं, आणि लहान वाय-डॉलर सगळीकडं एकसारखं चालतं. एक कळ जास्त, पण डोक्याला ताप नाही.

दुसरी खोड डब्ल्यूची. शब्दाच्या पहिल्या अक्षरावर डी-डब्ल्यू दिलं की शब्दामागची मोकळी जागाही जाते. सी-डब्ल्यू दिलं तर जागा राहते, जणू सी-ई दिलंय. हे विसंगत आहे, पण लई सोयीचं आहे. एफ०.२ चं एफ०.१५ करताना पुढची जागा परत कोण टाकत बसणार? याला हात लावू नका. जागेसकट बदलायचंच असेल तर डी-डब्ल्यू, मग टाइप सुरू करायला आय.

शोधताना लहान एन "पुढं" नेतो असं समजू नका. तो शेवटच्या शोधाच्या दिशेनं जातो. प्रश्नचिन्ह देऊन वर शोधलं असेल तर एन वरच चढतो आणि मोठा एन खाली उतरतो. मोठ्या एफनं ओळीत मागच्या अक्षरावर उडी मारल्यावर ती उडी पुन्हा मारणारा अर्धविरामही तसाच मागं जातो. एवढं लक्षात राहिलं की मॅप लागत नाही.

काही सर्व्हरवर टाइप करताना बाणाच्या कळा दाबल्या की ए, बी अशी अक्षरं पडतात. तिथं व्हिम जुन्या व्हीआयच्या वेषात उघडलेला असतो. कोलन देऊन सेट नोकम्पॅटिबल टाका, बाण चालू होतात.

राहिले मॅक्रो आणि स्क्रिप्ट, आणि खरी भानगड इथंच होते. मॅक्रोत, म्हणजे पुन्हा चालवायला रेकॉर्ड करून ठेवलेल्या कळांत, कळा जशाच्या तशा साठतात आणि चालवताना त्या मशीनच्या मॅपमधून जातात. निओव्हिमवर मोठा वाय वापरून भरलेला मॅक्रो साध्या व्हिमवर चालवला की झेडपासूनच्या तुकड्याऐवजी आख्खी ओळ डकवतो. मॅक्रोत वाय-डॉलरच द्या. स्क्रिप्टमध्ये कळा चालवणाऱ्या नॉर्मल या कमांडपुढं उद्गारचिन्ह लावा, म्हणजे कुणाचाही मॅप आड येत नाही. पण उद्गारचिन्हानंतर मोठा वाय लिहिलात तर निओव्हिमसुद्धा पूर्ण ओळच उचलतो, कारण त्यांचा बदलही शेवटी एक मॅपच आहे.