ईजीटी गेज नाही, तरी मिक्स्चर लीन करता येतं : माझा अनुभव

क्लबच्या सेस्ना 152 या छोट्या विमानात ईजीटी गेज (एक्झॉस्ट वायूचं तापमान दाखवणारं मीटर) नाही. मिक्स्चर लीन करायचं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी करायचं, तर त्याचा आधार नाही. टॅकोमीटर (इंजिनचे फेरे, म्हणजे आरपीएम, दाखवणारं मीटर) आणि आपले कान, एवढंच भांडवल. तक्रार अशी, की रन-अपला (टेकऑफआधीच्या इंजिन तपासणीत) 1700 आरपीएमवर उजव्या मॅग्नेटोचा (प्लगना ठिणगी पुरवणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक) ड्रॉप, म्हणजे फक्त त्याच्यावर चालवल्यावर होणारी आरपीएमची घट, 125 ची मर्यादा ओलांडायचा आणि इंजिन खडखडायचं. मॅग्नेटो उतरवायची भाषा सुरू झाली होती.

मला संशय स्पार्क प्लगचा. विमानाच्या 100एलएल पेट्रोलमध्ये लिटरला 0.56 ग्रॅमपर्यंत शिसं चालतं. फुल रिचवर (मिश्रणात जास्तीत जास्त पेट्रोल ठेवून) इंजिन आयडल चाललं की प्लग पुरेसे तापत नाहीत आणि शिसं त्यांच्यावरच गोळ्या धरून बसतं, विशेषतः खालच्या प्लगांवर.

प्लग तापून शिसं जळावं म्हणून ब्रेक दाबून 1800 आरपीएमच्या आसपास आलो आणि मिक्स्चरची मूठ हळूहळू बाहेर फिरवत गेलो. काटा आधी किंचित चढला, मग घसरायला लागला. तिथून जराशी आत घेऊन मिनिटभर तसंच चालू दिलं. परत रिच, परत चेक. ड्रॉप शंभराच्या आत आणि आवाज एकसुरी!

आता स्टार्ट झाल्याबरोबर जमिनीवरच लीन करतो, तेही कडक : विसरून टेकऑफचा थ्रॉटल दिलाच तर इंजिन अडखळलं पाहिजे, म्हणजे चूक लगेच कळते. अर्धवट लीन ठेवणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. क्रूझमध्येही हीच पद्धत, पण पॉवर 75 टक्के किंवा कमी असेल तरच. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) ओढली की मिश्रण आपोआप रिच होतं, तेव्हा पुन्हा जुळवायचं.

एवढं करूनही ड्रॉप गेला नाही, तर विमान मुकाट्याने इंजिनिअरकडे न्यायचं.